हौद

किटालेच्या सरकारी शाळेत मी गणित शिकवते.
सहावीचा वर्ग, चौऱ्याहत्तर मुलं,
एका बाकावर चार, पाचवा अर्धा हवेत.
पगार महिनाअखेर येतो
आणि तीन दिवसांत गाव ओलांडून
टेकडीवरच्या खाजगी शाळेत जातो,
जिथे माझी नासिमियु शिकते.
तिच्या वर्गात बावीस. मी मोजलीत.

एका नळाने हौदात पाणी येते,
दुसऱ्या नळाने जाते,
तर हौद किती वेळात भरेल?
दर वर्षी फळ्यावर लिहिते हे गणित
आणि पाठ वळवून उभी राहते थोडा वेळ.

माकोखाने मोटरसायकल विकली, कुरकुर न करता.
मग एन्डेबेसच्या रस्त्यावरचा अर्धा एकर.
तिथे घर व्हायचं होतं.
पूर्वेची खिडकी कुठे येणार
ते आम्ही काठीने मातीत आखूनही आलो होतो.
ती खिडकी आता तिसऱ्या सत्राच्या फीत आहे.
भिशीचा नंबर मी दोनदा बदलून घेतला, जानेवारीसाठी.
जेवायला सुकुमा विकी.
त्या भाजीच्या नावाचा अर्थच ‘आठवडा ढकल’.
आम्ही तिच्यावर महिना ढकलतो.

‘तुझी पोर तुझ्याच हाताखाली का नाही?’
शिक्षकांच्या खोलीत विचारतात.
मी म्हणते, बस दारापाशी येते हो तिकडची.
ताकाला जाऊन भांडं लपवते.
खरं तर खानावळीतली आचारीण
घरून डबा आणते, तशी मी.

मिळालं काय, तेही सांगते.
करड्या मोज्यांवर दोन हिरव्या पट्ट्या,
त्यांच्याच दुकानातून घ्यायच्या.
पोहण्याचा तलाव, आठ महिने कोरडा.
आणि माझी पोर रात्री कंदिलासारखी बोलते,
स्वच्छ, न फडफडता, इंग्रजीत,
माझा ‘थ्री’ हसून दुरुस्त करते.
प्रश्न विचारते. हात वर करून, घरातसुद्धा.
माझ्या वर्गात प्रश्न विचारायला
कुणाला जागाच नसते कोपर वर करायला.
हे पैसे देऊन मिळतं का? मिळतं.
म्हणूनच तर झोप येत नाही.

पालकसभेला तिचे वर्गशिक्षक पुढे आले,
कोवळी दाढी, इस्त्रीचा एकुलता शर्ट.
माझा हात दोन्ही हातांत घेतला.
‘ओळखलंत का बाई? मी लुस्वेती.
दारापाशी बसायचो.
पाऊस तिरका आला की वही भिजायची,
तुम्ही फळ्याखाली बसवलंत मला, जमिनीवर.
चपाती फाडून अपूर्णांक शिकवलेत.
मी अजून तसाच शिकवतो इथे.’

नाही ओळखलं. एकोणीस वर्षांची चौऱ्याहत्तर मुलं.
पण हो म्हटलं.

मग त्याने आवाज खाली आणला.
‘बाई, तुमच्या शाळेत जागा निघेल का?
इथे तुमच्या निम्माही पगार नाही.
पाच वर्षं सरकारी यादीत नाव आहे.’

उतारावर माकोखा विचारत होता, काय म्हणाले सर?
चांगली आहे म्हणाले, पोर चांगली आहे.
पायांखाली खडी सरकत होती.
मी फुकट शिकवलेलं पोर
माझ्या पोरीला शिकवतं,
त्यासाठी मी खिडकी विकली,
आणि ती खिडकी त्याच्याही घराला लागली नाही.
मधल्या मध्ये कुणी नेली?

सोमवारी दारापाशी बसलेल्याला नाव विचारलं.
‘तुम्ही शुक्रवारीपण विचारलंत, बाई.’

मधल्या सुट्टीआधी भिंतीशी गेले,
तिथेच रेंज येते.
फोनने विचारलं, नक्की पाठवायचे?
मागे वर्ग सतराचा पाढा म्हणत होता,
सगळे एका सुरात, छप्पर हलवत,
आणि सतरा साता पाशी
दाराकडचा एक आवाज अडखळला.
थांब, मी म्हटलं.
अंगठा तोवर टेकला होता.